हत्तीची गल्ली, अंधेरी पूर्व

विद्याधर टिपणिसांना कुणी लग्नाचा अल्बम दाखवायला घेतला, की चारदोन पानांतच घरच्यांच्या मनात शंका यायची. तसे ते अल्बम अगदी मन लावून बघायचे. इतर पाहुण्यांसारखी चार-चार पानं एकदम उलटायचे नाहीत. पण बघायचे ते भलतंच. नवरीची आत्या शालू नेसून मिरवत उभी असायची आणि टिपणीस भिंग लावून तिच्या कानामागून डोकावणारी पिठाच्या गिरणीची पाटी वाचत असायचे. "या बाई जरा डावीकडे सरकल्या असत्या तर!" असं ते एकदा मुलुंडच्या एका घरी कळवळून म्हणाले. त्या बाई पन्नास वर्षांपूर्वी सरकल्या नव्हत्या, आणि आता समोरच्या सोफ्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या घरी चहा आला नाही.

टिपणिसांचं म्हणणं मात्र बिनतोड होतं. फोर्टातल्या दगडी इमारतींचे फोटो ढिगाने मिळतात. अंधेरी, घाटकोपर, मरोळच्या गल्ल्यांवर कॅमेरा कोण वाया घालवणार? इथे कॅमेरा निघायचा तो बारशाला, मुंजीला, फार तर नव्या स्कूटरला. तेव्हा गेलेली उपनगरं बघायची तर ती माणसांच्या पाठीमागेच बघायला हवीत. आत्याच्या खांद्यावर गिरणी, मुंजमुलाच्या टकलामागे विहीर, स्कूटरच्या दोन चाकांमधून उघडं गटार आणि त्यापलीकडे भाताचं शेत! एकेक सापडलं की बहात्तर वर्षांचा हा गृहस्थ खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायचा. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीत क्लेम तपासले होते. कागद नाही, फोटो नाही, तर पैसा नाही, हा त्यांचा खाक्या. आणि दैवाची गंमत बघा, स्वतःच्या घरात त्यांचा एक क्लेम चाळीस वर्षांहून जास्त काळ पुराव्यावाचून पडून होता.

तो क्लेम हत्तीचा.

टिपणिसांचं लहानपण अंधेरी पूर्वेला, कुर्ला रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत गेलं. घरासमोर एक दुमजली इमारत होती आणि तिच्या गच्चीच्या कठड्यावर एक सिमेंटचा हत्ती. चांगला दांडग्या वासराएवढा. सोंड कठड्याबाहेर थेट रस्त्यावर लोंबलेली. कुणा हौशी मालकाने बांधतानाच बसवून घेतला होता म्हणे. छोट्या विद्याधरला आई गॅलरीत उभं करून भरवायची. चिऊचा घास, काऊचा घास सगळे संपले तरी ताटात थोडा भात उरायचाच, आणि तो शेवटचा घास हत्तीचा. "बघ, सोंड लांब करतोय हं, तू नाही खाल्लास तर तो खाईल," असं आई म्हणायची. दहाव्या वर्षी वडिलांनी मुलुंडला जागा घेतली, अंधेरी सुटली, आणि मुलुंडला आल्यावर थोड्याच काळात आई गेली. त्या गल्लीतला आईचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. हत्तीचाही नव्हता.

आता सुनंदाबाईंचं ऐका. यांचंही माहेर अंधेरी पूर्व, तेही कुर्ला रस्त्याच्याच बाजूला. वडिलांची अलिबागहून बदली झाली, तेव्हा त्या चौथीत होत्या, आणि लग्न होईस्तोवर तिथेच वाढल्या. कांदेपोह्यांच्या दिवशी मुलाने ऐटीत सांगितलं, "मीसुद्धा तुमच्याच भागातला. आमची ती हत्तीची गल्ली." मुलीने मान खाली घालायची सोडून सरळ वर बघितलं आणि म्हणाली, "तिथे हत्तीची गल्ली नाहीच आहे. आमची म्हशीची गल्ली आहे. कोपऱ्यावर दूधवाला आहे, मागे त्याचा तबेला आहे. हत्ती कुठून येणार?" दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना वाटलं, बिनसलं. पण मुलगा मुलीकडे बघून हसायला लागला, मुलगी मुलाकडे बघून, आणि त्या हत्तीवरच लग्न जमलं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर हत्ती घरात मुक्कामालाच आला. मुलगा मिहिर शाळेतून येऊन काही थाप मारायला लागला की आई म्हणायची, "हत्ती सोडू नकोस." बॉसने बढतीचं आश्वासन दिलं तरी, "हा हत्ती तर नाही ना?" टिपणीसही काही कमी नव्हते. बायकोचा आवाज चढला की ते सुस्कारा टाकून म्हणायचे, "काय करणार, म्हशीच्या गल्लीतली आहे." एकदा दोघं मिहिरला घेऊन अंधेरीला जाऊनही आले. पण ओळखीची एक वीट उभी असेल तर शपथ! जुन्या गल्ल्या पोटात घालून काचेच्या इमारती उभ्या होत्या. कुठून वळायचं यावरूनच दोघांचं भांडण झालं, आणि शेवटी मिहिरला उसाचा रस पाजून ते घरी परतले.

तोवर सगळी गंमतच होती. मग टिपणीस विसरायला लागले.

एकदा चष्मा फ्रीजमध्ये, लोण्याच्या भांड्याशेजारी सापडला. मग दूध उतू गेलं. मग शेजाऱ्यांना त्यांनी तिसऱ्याच माणसाच्या नावाने हाक मारली आणि वर त्यांच्या मुलाच्या लग्नाचं अभिनंदनही केलं. मुलगा बिचारा अविवाहित होता. मिहिर पवईहून आला आणि आई-बाबांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर गंधाली म्हणून एक हसतमुख तरुण बाई होत्या. त्यांनी टिपणिसांना घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ही वजाबाकी टिपणिसांनी अशी झपाझप केली की डॉक्टरच मागे पडल्या. मग त्या सुनंदाबाईंकडे वळल्या. घरच्या माणसाला विचारायचे काही प्रश्न असतात, त्यातला एक म्हणजे, "कधी न झालेल्या, नसलेल्या गोष्टी होत्या असं ते सांगतात का?"

"हत्ती!" म्हणत सुनंदाबाई फिस्सकन हसल्या. आणि सवयीने, हातवारे करून, सगळी गोष्ट सांगून मोकळ्या झाल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. "किती वर्षं सांगताहेत?" असं त्यांनी शांतपणे विचारलं आणि लिहून घेतलं.

सुनंदाबाईंचं हसू जागच्या जागी विझलं. "अहो, ती आमची चेष्टा आहे, डॉक्टर. ते खोडून टाका ना," त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाल्या, काळजी करू नका, फक्त नोंद आहे, महिन्याने पुन्हा या, मग नीट बोलू. परतताना रिक्षात सुनंदाबाईंनी नवऱ्याचा हात धरला होता, एरवी त्या पिशवी धरायच्या.

चष्म्याचं टिपणिसांना एवढं वाटत नव्हतं. पण डॉक्टरांनी लिहून घेतल्यापासून त्यांना स्वतःलाच प्रश्न पडला, खरंच होता का हत्ती? की आईने भरवताना सांगितलेली गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली असं धरून बसलोय? आणि हत्ती खोटा असेल तर ती गॅलरी? तो भात? भरवणारी ती आई तरी आपण खरी आठवतोय का? शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंग पुसलं, छत्री घेतली आणि जाहीर केलं, "महिन्याच्या आत हत्ती हजर करतो."

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. आतापर्यंत ते कुणी अल्बम काढला तर बघायचे. आता घरात शिरताच "अल्बम कुठे ठेवता?" असं विचारायला लागले. घाटकोपरला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी सांत्वनाला गेले आणि गेलेल्याच्या मुंजीचे फोटो बघून आले. भांडुपला एका बारशाला बाळाकडे न बघता बाळाच्या पणजोबांचा अल्बम घेऊन कोपऱ्यात बसले. अंधेरीत पूर्वी राहिलेला माणूस कुठे आहे असं कळलं, की टिपणीस तिथे पोचलेच. या धडाक्यात त्यांना एक बेकरी मिळाली, एक हौद मिळाला, त्यांच्या शाळेचं फाटक मिळालं, आणि एका वरातीच्या घोड्याच्या पायांमधून त्यांच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरची चिंच मिळाली! त्या दिवशी ते घरी आले ते शीळ घालतच. गेलेली अंधेरी तुकड्यातुकड्याने परत येत होती. हत्ती तेवढा येत नव्हता.

आणि सुनंदाबाई? त्या बरोबर यायच्या. "म्हातारपणी नवरा लोकांच्या घरून हाकलला जातो, कुणीतरी सावरायला नको?" असं म्हणायच्या. पण लोक वैतागायला लागले की त्याच पुढे होऊन गोड बोलायच्या, आणि आणखी एक अल्बम काढायला लावायच्या.

वाकोल्याला सुनंदाबाईंचे भाऊ श्यामसुंदर राहायचे. त्यांच्याकडे एक फोटो निघाला. तरुण श्यामसुंदर, नवीकोरी स्कूटर, डोळ्यांवर गॉगल, आणि वर फोटोच्या कडेला एका इमारतीची गच्ची. गच्चीच्या कठड्यावर काळंभोर काहीतरी.

"अय्या, आमची म्हैस!" सुनंदाबाई टाळ्या पिटत ओरडल्या. "बघा, बघा! दूधवाल्याने गच्चीवर सिमेंटची म्हैस बसवली होती, दर दिवाळीला तिला काळा रंग द्यायचा. तिच्यावरून तर गल्लीचं नाव!"

"तबेल्यावरून ना?" टिपणिसांनी विचारलं.

"तबेलाही होताच की. अहो, म्हैस म्हटल्यावर म्हैस, त्यात वेगळं काय सांगायचं? आणि तुम्ही मला कधी बोलू दिलंत? मी म्हैस म्हटलं की तुम्ही हसायला लागायचा."

टिपणिसांना फार लागलं. बायकोच्या म्हशीचा फोटो आहे आणि आपल्या हत्तीचा नाही! त्यांनी अल्बम धाडकन मिटला. सुनंदाबाईंनी मात्र तो पुन्हा उघडून म्हशीचा फोटो आपल्या मोबाइलवर काढून घेतला. वाचणाऱ्याच्या डोक्यात एव्हाना काही पेटलं असेल तर त्याने कृपा करून गप्प बसावं. टिपणिसांच्या डोक्यात काही पेटलं नाही, कारण ते फुगून बसले होते.

महिना संपत आला. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि शनिवारी सकाळी टिपणीस मुलुंडच्या बाजारात हेमांगीकडे पापलेटं घेत होते. हेमांगी भांडुपची सून, पण माहेर वेसाव्याचं, कोळीवाड्यातलं. काकांचं तोंड उतरलेलं बघून तिने विचारलं, आणि काकांनी मासळीच्या पाटीसमोर उकिडवं बसून हत्तीचं सगळं सांगितलं. मागे गिऱ्हाईक खोळंबलं.

"काका, आमची आजी हत्तीखाली बसायची," हेमांगी सुरा थांबवून म्हणाली.

"काय?"

"शेवंतीआजी. अंधेरीला गल्लीत पाटी घेऊन जायची ना. आम्ही विचारायचो, आजी कुठं बसतेस, तर म्हणायची, हत्तीखाली. आम्हाला वाटायचं, मस्करी करते. तिचा फोटो पण तिथलाच हाय. वेसाव्याला बाबांकडे भिंतीवर लावलाय."

पापलेटं तिथेच राहिली. हेमांगीला ती धावत जाऊन सुनंदाबाईंच्या हातात द्यावी लागली, तोवर टिपणीस घराच्या फाटकापाशी चप्पल घालून उभे होते, उजवी डाव्या पायात.

हेमांगी दोघांना घेऊन वेसाव्याला पोचली, तेव्हा घरात तिचे वडील बळवंत जाळं मांडीवर घेऊन बसले होते. सत्तरीपलीकडचा, तांब्याच्या रंगाचा, मोजकं बोलणारा माणूस. भिंतीवर त्यांच्या आईची मोठी रंगीत तसबीर होती. टिपणीस थेट तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, भिंग काढलं, आणि त्यांचा चेहरा पडला. फोटो कसला, रंगवून घेतलेला! आपल्याकडे माणूस गेलं की असेल त्या फोटोतून तेवढा चेहरा उचलतात, मोठा करतात आणि मागे रंगाऱ्याला मोकळं रान देतात. या रंगाऱ्याने तर हात अगदी सैल सोडला होता. मागे निळं आभाळ. शेवंतीबाईंच्या गळ्यात मूठभर जाड सोनं. आणि खांद्यामागे एक माड, पण कसला विचित्र माड! वरून खाली आलेला, बुंधा आभाळात, खाली टोकाला वाकडा झालेला, आणि त्या टोकाला झावळ्या.

"सोनं पेंटरनं घातलं," बळवंत म्हणाले. "आये आयुष्यभर म्हणायची, सोनं घाल, सोनं घाल. शेवटी पेंटरनं घातलं."

"आणि हा माड?"

"तो बी त्यानंच लावला. काहीतरी वाकडं होतं म्हणे मागं, त्याला पुसता येईना. मग त्यानं झाडच केलं."

टिपणिसांनी आपला हात नाकासमोर धरला आणि सोंडेसारखा वाकवून दाखवला. हेमांगीने तसबिरीकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि "अगं बाई गं!" म्हणून मटकन खाली बसली.

"मूळ फोटो कुठे आहे?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"हितंच. फ्रेमच्या मागं, पुठ्ठ्यात. आयेला तिच्या फोटोपासून लांब कशाला ठेवायचं?" बळवंत म्हणाले. "पण फ्रेम खाली येते ती तिच्या तिथीलाच. दिवाळीनंतर या."

दिवाळीला अजून चार महिने होते! टिपणिसांनी हात जोडले. डॉक्टरांचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं, आईच्या घासाचंही सांगून टाकलं, जे त्यांनी मिहिरलाही कधी सांगितलं नव्हतं. बळवंतांनी जाळं बाजूला ठेवलं. "तुम्ही एवढ्या लांबून आयेला बघायला नाय आलात, तिच्या मागचा हत्ती बघायला आलात," ते म्हणाले. "पण आईचीच भानगड हाय म्हणता. मी नाय सांगणार. तिलाच विचारतो."

त्या घरात होडी विकायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, विचारायचं ते शेवंतीबाईंना. बळवंतांनी दोन झेंडूची फुलं पाण्यात बुडवून तसबिरीच्या वरच्या कडेवर ठेवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवं आधी पडलं तर हो. मग ते हात जोडून म्हणाले, "आये, ह्या मानसाला तुझा हत्ती पायजे. बघ काय करतेस." आणि सगळे डोळे वर लावून उभे राहिले.

फुलं पडेनात. शेजारची माणसं दारात जमली. जो येईल तो "काय झालं?" विचारायचा आणि कळलं की तोही वर बघायला लागायचा. टिपणीस उजव्या फुलाकडे अशा काकुळतीने बघत होते की त्यांची मानच उजवीकडे कलली. फुलं ढिम्म. डावं जरासं हललं, आणि टिपणिसांनी डोळे मिटून घेतले.

"बाई, काय उकडतंय!" असं मोठ्याने म्हणत सुनंदाबाई भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. तसबिरीच्या उजव्या हाताचा पंखा, आणि पाचावर!

उजवं फूल टपकन टिपणिसांच्या टकलावर पडलं.

दारात हशा उसळला. बळवंतांनी पंख्याकडे बघितलं, मग सुनंदाबाईंकडे बघितलं. सुनंदाबाई पदराने वारा घेत छताकडे बघत होत्या, जणू आपण त्या गावच्याच नाही. "आयेला बी गरम होत असेल," बळवंत गंभीरपणे म्हणाले, आणि स्टूल घ्यायला आत गेले. टिपणीस मात्र डोक्यावरचं फूल हातात घेऊन बायकोकडेच बघत राहिले. चाळीस वर्षं ही बाई त्यांच्या हत्तीला हसत आली होती, आणि आज तिनेच त्याच्यासाठी देवासारख्या माणसापाशी लबाडी केली होती. ते उमजलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुठ्ठा निघाला. मागून तळहाताएवढा एक करडा फोटो घसरून पडला. पायरीवर पाटी घेऊन बसलेली, खळखळून हसणारी तरुण शेवंतीबाई. कुणा बंगलेवाल्याने कौतुकाने काढून दिलेला असावा. गळ्यात सोनं नाही, काळी पोत. मागे इमारत, पंख्याच्या नक्षीचा गच्चीचा कठडा, आणि त्याच्याही वर, आभाळाला टेकून, दोन सुपासारखे कान, बारीक मिस्कील डोळे आणि रस्त्यावर लोंबणारी लांबलचक सोंड!

"होता!" टिपणीस ओरडले. "होता, होता, होता!" आणि त्या गृहस्थाने वेसाव्याच्या त्या घरात, बळवंतांचे दोन्ही हात धरून, गरागरा फुगडी घातली. बळवंतांना नाही म्हणायला सवडच मिळाली नाही.

सुनंदाबाई नाचल्या नाहीत. त्या फोटो हातात घेऊन उजेडात गेल्या होत्या. त्यांनी मोबाइल काढला, भावाच्या स्कूटरचा फोटो उघडला, आणि दोन्ही शेजारी धरले. तोच पंख्याच्या नक्षीचा कठडा. तीच गच्ची. एका फोटोत हत्ती, दुसऱ्यात, काही वर्षांनंतर, त्याच जागी, त्याच बुटक्या पायांवर, म्हैस.

"अहो," त्या म्हणाल्या, आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता, "आमच्या म्हशीच्या तोंडातून एक लोखंडी सळई बाहेर आलेली होती. आम्हाला वाटायचं, वेसण बांधायला ठेवलीय."

टिपणीस फुगडी थांबवून धापा टाकत आले. त्यांनी भिंग लावलं. होय, सोंड मोडली होती. कुठल्यातरी वादळात पडली असेल, आतली सळई तेवढी राहिली. कानही अर्धे गेले होते. मग इमारत दूधवाल्याने घेतली, वर हा बिनसोंडेचा गडी, त्याला दुसरं काय दिसणार? त्याने दिला काळा रंग फासून!

"म्हणजे मी चाळीस वर्षं तुमच्याच हत्तीला म्हैस म्हणत होते," सुनंदाबाई म्हणाल्या.

"आणि मी तुला म्हशीच्या गल्लीतली म्हणत होतो. अगं सुनंदा, तू माझ्याच गल्लीत राहायचीस!"

मग दोघं जे हसत सुटली ते थांबेचनात. हेमांगी हसली, दारातली माणसं हसली, आणि शेवटी बळवंतही हसले, तेव्हा कळलं की त्यांना पुढचे दात नव्हते. जेवल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतंच. आईची तसबीर पुन्हा वर चढवताना बळवंतांनी तो छोटा फोटो मागे न ठेवता पुढे, काचेच्या कोपऱ्यात खोचला. "आता हत्ती बी बसू दे तिच्यासोबत," ते म्हणाले. टिपणिसांनी त्याचे मोबाइलवर इतके फोटो काढले की मोबाइल गरम झाला.

परतताना ती दोघं मेट्रोने घाटकोपरकडे निघाली. चकाल्याच्या अलीकडे गाडी कुर्ला रस्त्यावरून, बरोबर दुसऱ्या मजल्याच्या गच्चीएवढ्या उंचीवरून जाते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. दोघांनी खिडकीच्या काचेला नाकं लावली. "इथे!" टिपणीस म्हणाले. "छे, ती चिंच गेल्यावर मग," सुनंदाबाई म्हणाल्या. "चिंच तू पाहिलीच नाहीस!" "म्हैस तुम्ही पाहिली नाहीत!" बाहेर काचेची इमारत सरकत होती, आणि तिच्यात यांचीच गाडी दिसत होती. समोरच्या मुलीने कानातले इयरफोन काढून विचारलं, "आजी, काय दिसतंय?" दोघं एकदमच बोलली. एक म्हणालं हत्ती, एक म्हणालं म्हैस.

सोमवारी डॉक्टर गंधालींनी पुन्हा घड्याळ काढायला लावलं, शब्द विचारले. पाचातले दोन शब्द टिपणिसांना आठवले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, विसरणं आहे, थोडं वयाचं आहे, दर सहा महिन्यांनी येत जा. मिहिरने मान हलवली. टिपणीस खिशातल्या मोबाइलवर हात ठेवून वाट बघत होते, कधी एकदा पुरावा सादर करतो. इतक्यात डॉक्टर सुनंदाबाईंकडे वळल्या आणि मागचा कागद बघत म्हणाल्या, "आणि ते नसलेल्या गोष्टी सांगतात, असं तुम्ही मागे म्हणाला होतात."

टिपणिसांनी मोबाइल बाहेर काढला. सुनंदाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून तो खाली केला.

"नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ते सांगतात ते सगळं होतं. मीच त्या गल्लीत उशिरा आले राहायला."

डॉक्टरांनी एक ओळ खोडली. टिपणीस बायकोकडे बघत राहिले, आणि उठताना छत्री तिथेच विसरले.